सतरा लाखांची निंजा आणि चार लाखांची एफडी

फोंड्याच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३४, वेर्ण्याला औषध कंपनीत नोकरी, हातात महिना १ लाख ५ हजार. घराचा हप्ता २६ हजार, घरखर्च ३८ हजार, एसआयपी १२ हजार. पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. सध्या रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० आहे. आता कावासाकी निंजा ११००एसएक्स ही लांबच्या प्रवासाची मोटरसायकल घ्यायची आहे, ऑन-रोड १७ लाख. चार लाखांची एफडी आणि मुलीच्या नावाने साठवलेल्या म्युच्युअल फंडातले तीन लाख डाउनपेमेंटला, उरलेले दहा लाख पाच वर्षांच्या कर्जाने, ११ टक्क्यांनी. ग्रुपमधल्या दोघा मित्रांचा वाद चालू आहे. निंजा ६५०वाला म्हणतो, घाटात हलकी गाडीच बरी. तिचं आधीचं मॉडेल, १०००एसएक्स, चालवणारा म्हणतो, ताकदीला पर्याय नाही. तुम्ही विचारता, पैशांच्या दृष्टीने कोणाचं ऐकू?

आधी गाडीबद्दल बोलतो, कारण तुमची आवड मला खरी वाटते आणि ती उडवून लावायची माझी इच्छा नाही. १०००एसएक्सवरून ११००एसएक्सवर येताना कंपनीने स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली जाण्याची लांबी, ५६ वरून ५९ मिलिमीटर केला. इंजिन १,०४३ सीसीचं १,०९९ झालं, पण ताकद १४२ पीएसवरून १३६ वर आली आणि टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, १११ वरून ११३ न्यूटन-मीटर झाला. म्हणजे टूरिंग करणाऱ्याला मधल्या आरपीएमवरचा जोर लागतो, हे कंपनीनेच मान्य करून वरची ताकद सोडली. मोल्याहून अनमोड चढताना पुढे लोड भरलेला ट्रक असतो, वळण संपल्यावर जेमतेम शंभर मीटर मोकळे मिळतात. तिथे गिअर न बदलता गाडी उचलली पाहिजे, एवढंच काम असतं. ते १०००एसएक्सही तितक्याच सहज करते. ६५०च्या मित्राचंही चुकत नाही. तिचं वजन १९६ किलो, ११००एसएक्सचं २३८. हा ४२ किलोंचा फरक, म्हणजे पंचवीस किलोंची जवळजवळ पावणेदोन पोती तांदूळ, पावसात ओल्या हेअरपिनवर आणि त्याहून जास्त बोरी पुलावरच्या रांगेत जाणवतो. पण ६५०चा टॉर्क ६४. मागे पत्नी, दोन्ही बाजूंना बॅगा आणि समोर गोकर्णपर्यंतचा रस्ता असला की तिला सतत गिअर बदलून पळवावं लागतं. तुम्ही वर्षातून चार-पाच लांबच्या फेऱ्या जोडीने करता, तेव्हा लिटर क्लासची, म्हणजे हजार सीसीच्या आसपासची, टूरर मागणं अवाजवी नाही. मी तुमच्या जागी असतो तर मीही ६५० घेतली नसती.

आता पैसे. दहा लाखांवर ११ टक्क्यांनी हप्ता २१,७४२ रुपये. पाच वर्षांत १३ लाख ४ हजार जातील. त्यात डाउनपेमेंटचे सात मिळवा, वीस लाख झाले. विम्याच्या घसाऱ्याच्या तक्त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घट धरतात, म्हणजे सव्वाचौदा-साडेचौदा लाख एक्स-शोरूमच्या गाडीचे सव्वासात लाख समजू. निव्वळ गेले पावणेतेरा लाखांच्या वर. तुम्ही वर्षाला सहा हजार किलोमीटर चालवता. पेट्रोल, टायर, विमा, सर्व्हिस सोडून किलोमीटरला ४२-४३ रुपये पडतात.

शिवाय दोन्ही हप्ते मिळून ४७,७४२, पगाराच्या ४५ टक्के. मी ४० टक्क्यांच्या पुढे कोणाला जाऊ देत नाही. जून महिन्यात शाळेची फी आणि त्यानंतर चवथीचा, म्हणजे गणपतीचा, खर्च येतो तेव्हा हे पाच टक्के फार मोठे असतात.

मला खरी काळजी वाटली ती एफडीची. ज्याला तुम्ही डाउनपेमेंट म्हणता, तो घरातला एकमेव आपत्कालीन निधी आहे. हप्ता आणि घरखर्च ६४ हजार, सहा महिन्यांचे ३ लाख ८४ हजार. एफडी चार लाखांची. म्हणजे ती आधीच कामाला लागलेली आहे. आणि टर्म इन्शुरन्स (फक्त मृत्यू झाल्यास कुटुंबाला पैसे देणारा विमा) नाही, कंपनीचा १० लाखांचा समूह विमा तेवढा आहे, असं तुम्ही लिहिलंय. गाडीच्या मालक-चालकाला मिळणारं अपघात संरक्षण १५ लाखांचं. घराचं कर्ज बाकी २२ लाख. गाडीवर काही बरंवाईट झालं तर घराचं कर्ज फेडून पत्नी आणि मुलीच्या हातात तीन लाख उरतील, आणि गाडीचं कर्ज वेगळंच. हे लिहिताना मलाच जड जातं, पण ताशी दोनशेच्या वर जाणारी गाडी घेणाऱ्याने हा हिशेब बघितलाच पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या दुचाकींवर जीएसटी ४० टक्के झाला, आणि त्याच दिवशी वैयक्तिक आयुर्विम्यावरचा १८ टक्क्यांचा शून्य झाला. आधी एक कोटीची टर्म पॉलिसी घ्या. गाडी नंतर.

माझा निर्णय असा: नवी ११००एसएक्स नको, जुनी १०००एसएक्स घ्या, पण आज नव्हे. तुम्हाला बेळगावात २०२२ची पावणेनऊ लाखांत मिळतेय. ती सोडून द्या. तुमच्याकडे महिना २९ हजार उरतात. तीन हजार विम्याला ठेवून २६ हजार वेगळ्या खात्यात टाका. चौदा महिन्यांत ३ लाख ६४ हजार होतील, इंटरसेप्टरचे दोनेक लाख येतील. तोवर तशीच गाडी आठेक लाखांत मिळावी. उरलेल्या अडीच लाखांचं तीन वर्षांचं कर्ज साडेबारा टक्क्यांनी धरलं तरी हप्ता ८,३६३. दोन्ही मिळून पगाराच्या ३३ टक्क्यांच्या आत. मुलीचा फंड जागेवर, एफडी जागेवर. चौदा महिन्यांत दोनदा जरी २६ हजार टाकता आले नाहीत, तर मला परत लिहा. मग आकडा कमी करू.

केए-२२, म्हणजे बेळगावच्या नंबरची गाडी घेतलीत तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) लागते आणि गोव्याचा रस्ताकर नव्याने भरावा लागतो. तो किंमत ठरवण्याआधी विचारा. शक्यतो गोव्याच्याच नोंदणीची शोधा. गेल्या सप्टेंबरमध्ये एका ग्राहकाच्या पडवीत अशीच एक लिटर क्लासची गाडी बघितली. चार महिने ताडपत्रीखाली उभी. चेन गंजून तांबूस, फोर्कच्या सिलजवळ तेलाचा काळा ओघळ, रेडिएटरच्या पात्यांत चिखल वाळलेला. मीटरवर अकरा हजारच किलोमीटर होते. आपल्या दमट हवेत उभ्या गाडीचे कमी किलोमीटर बघून भुलू नका, नियमित चालवलेली वीस हजारांची बरी. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याबरोबर जातो, तो तुम्हाला मिळत नाही.

एफडीची मुदत मार्चमध्ये संपतेय, असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा बँकेत जाऊन ती आणखी वर्षभरासाठी ठेवा, आणि नॉमिनी म्हणून पत्नीचं नाव घातलंय की अजून आईचंच आहे, ते त्याच खेपेला बघून घ्या.