उत्तर: तेलविहिरीचे जुने पाइप भट्टीत घालावेत का?

दादा, आधी एवढं करा: ते पाइप कापू नका, हातोडीनं आतली खपली झाडू नका, पोरांना ग्राइंडर लावू देऊ नका.

तुम्ही विचारलंय की शिरोलीतल्या फाउंड्रीसाठी समुद्रातल्या तेलविहिरीचे जुने पाइप भंगारात स्वस्त मिळालेत, आत पांढरट-तपकिरी थर आहे, आणि तेलाबरोबर येणाऱ्या पाण्यात किरणोत्सार असतो हे खरं का. खरं आहे. मी समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर बरीच वर्षं काढलीत.

विहिरीतून तेलाबरोबर खोलवरचं खारट पाणी येतं. विहीर जुनी झाली की तेलापेक्षा पाणीच जास्त. खडकातलं युरेनियम-थोरियम बहुतेक खालीच राहतं, पण त्यांच्यापासून बनलेलं रेडियम त्या खाऱ्या पाण्यात विरघळतं. पाण्यात ते थोडंच असतं, आणि समुद्रात सोडल्यावर आणखी पातळ होतं.

गोम आहे ती थरात. दाब टिकवायला जमिनीत समुद्राचं पाणी भरतात. त्यातलं सल्फेट आणि खालच्या पाण्यातलं बेरियम एकत्र आलं की बेरियम सल्फेट पाइपला धरतं, अगदी बंबात क्षार धरतो तसं. रेडियमचा स्वभाव बेरियमसारखाच, म्हणून तेही त्यात बसतं. वर्षानुवर्षं वाहिलेल्या पाण्यातलं रेडियम असं बोटभर थरात साठतं. रेडियम-२२६ निम्मं व्हायला १,६०० वर्षं लागतात, त्यामुळे पाइप अंगणात ठेवून वाट बघण्यात अर्थ नाही.

रेडियममधून किरणोत्सारात बाहेर पडणारे अल्फा कण कातडीही भेदत नाहीत. पण धूळ श्वासातून आत गेली तर रेडियम कॅल्शियमसारखं हाडांत जाऊन बसतं. वितळवल्यावरही ते नाहीसं होत नाही, बहुतेक स्लॅगमध्ये, म्हणजे वितळलेल्या धातूवर येणाऱ्या मळीत, उतरतं. रेडियमपासून बनणारे किरणोत्सारी शिसं-२१० आणि पोलोनियम धुरात जातात. मग तो स्लॅग टाकायचा कुठे?

तुमच्या कास्टिंगची रेडिओग्राफी करणारे येतात ना, त्यांच्याकडे किरणोत्सार मोजणारा सर्व्हे मीटर असतो. आधी पाइपांपासून लांब उघड्यावर आकडा घ्या, मग पाइपाच्या तोंडाशी. फरक दिसला तर पाइप बाजूला झाकून ठेवा आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवा. गॅसच्या लाइनचे पाइप असतील तर फरक न दिसूनही सुटका नाही: त्यातला शिसं-२१०चा पातळ थर बाहेरून मीटरला कळत नाही.

२०१० साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारातल्या किरणोत्सारी कोबाल्ट-६०नं माणूस गेला. तो स्रोत याच्यापेक्षा फार तीव्र होता, पण तिथेही कापणाऱ्याला काय कापतोय ते माहीत नव्हतं.

मीटरचे दोन्ही आकडे आणि मीटर कुठे धरला होता ते इथे लिहा, मी बघतो.