अंगणात कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी बांधू की तार?
तारच बांधा, पण स्टेनलेस स्टीलची, ३ मिमी जाडीची पिळाची. नायलॉन भिजलं की ताणतं, त्यामुळे दोरी सारखी झोळते. प्लास्टिकचं आवरण असलेली लोखंडी तार दिसायला छान, पण उन्हाने आवरण तडकतं, आत पाणी शिरून गंज धरतो आणि डाग पडतो तो नेमका पांढऱ्या शर्टावर. एका टोकाला टर्नबकल (ताण कमी-जास्त करायचा आट्यांचा स्क्रू) लावा, म्हणजे तार सैल पडल्यास फिरवून ताणता येते. हूक आणि क्लॅम्पही स्टेनलेसच घ्या. तार अगदी ताठ ओढू नका. थोडा झोल नसेल तर ओल्या चादरींच्या वजनाने भिंतीतले हूक उपटून येतात. समुद्राजवळ मात्र स्टेनलेसच्या नेहमीच्या ३०४ ग्रेडऐवजी खाऱ्या हवेत जास्त टिकणारी ३१६ ग्रेड घ्या. दोरीच हवी असेल तर पॉलिएस्टरची.