ताशा सोडू नकोस, पण कान सांभाळ

"कानात सारखी शिट्टी वाजतेय, मी बहिरी होणार का?" कानाच्या दवाखान्यात समुपदेशन करताना हा प्रश्न वर्षभर कानावर येतो, पण गणपतीच्या आधीच्या दोन महिन्यांत जरा जास्तच. पुण्यात तेव्हा ढोल-ताशा पथकांचे सराव जोरात असतात. त्यातल्याच एका मुलीबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय एकोणीस, पथकात ताशा वाजवणारी. सोबत आई. आईचा निर्णय झालेला होता: पथक बंद. मुलगी रडवेली. "मॅडम, पहिल्या वर्षी त्रास व्हायचा, आता सवय झालीय. आता मला काहीच वाटत नाही, फक्त रात्री शिट्टी ऐकू येते." त्या शिट्टीवर आई रोज लसणाचं कोमट तेल घालत होती आणि शिट्टी ऐकू येऊ नये म्हणून मुलगी इअरफोन लावून झोपत होती.

आधी मी तिच्या "सवय झालीय"वर बोलले, कारण सगळ्यात मोठा घात याच समजुतीने होतो. कानाच्या आतल्या, शंखाच्या आकाराच्या भागात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसपेशी असतात. त्या जन्मापासून तेवढ्याच, आणि माणसात एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. मोठ्या आवाजाने त्या आधी थकतात. सरावानंतर कानात दडा बसल्यासारखं वाटतं, शिट्टी वाजते, ते याच थकव्यामुळे. शांतता मिळाली तर बऱ्याचशा सावरतात. रोज त्यांना तसंच थकवत राहिलं, तर काही सावरतच नाहीत. कान निबर होत नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं.

तेलाबद्दल आईंशी बोलले. "अहो, तेल पडद्याच्या अलीकडेच थांबतं, आणि हिचा त्रास पडद्याच्या पलीकडे, आतल्या कानात आहे. पडद्याला भोक असेल तर तेलाने उलट अपाय होतो." कानात काडी घालून मळ काढणंही बंद करायला सांगितलं. मळ बाहेर येण्याऐवजी आत ढकलला जातो.

तिची पहिली श्रवणचाचणी झाली तेव्हा आदल्या संध्याकाळीच सराव झाला होता, आणि अशा चाचणीवरून निष्कर्ष काढायचा नसतो. म्हणून काही दिवस ताशा, इअरफोन सगळं बाजूला ठेवून तिला पुन्हा बोलावलं. चाचणीच्या आलेखात ४००० हर्ट्झजवळ, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांपाशी, खड्डा होता, म्हणजे तिथलं ऐकणं कमी झालं होतं. मोठ्या आवाजाचा मार बहुतेकदा तिथेच आधी दिसतो. पहिल्या चाचणीपेक्षा तो कमी झाला होता, पण पूर्ण भरला नव्हता. रोजच्या बोलण्यात तिला अडचण नव्हती. हे नुकसान वाढत गेलं तर गर्दीत स, श, फ निसटू लागतात, समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. आज ना उद्या बहिरी होणार का, याचं उत्तर मी तिला सरळ दिलं: नाही, पण जे गेलंय ते परत येणार नाही आणि जे उरलंय ते तुझ्या हातात आहे.

मग हिशेब मांडला. ८५ डेसिबल आवाजात ८ तास ही कामगारांसाठी धरलेली मर्यादा. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं, आणि ताशाच्या कडकडाटाशेजारी आवाज १०० च्या पुढे सहज जातो. कानात नीट बसलेल्या बोळ्याने (इअरप्लगने) १५ डेसिबल जरी कमी झाले, तरी त्याच १५ मिनिटांचे ८ तास होतात. हे ऐकून ती पहिल्यांदा सावरून बसली.

तिची खरी शंका पुढे आली. "बोळे घातले तर हात, म्हणजे ठोक्यांचा ठेका, कसा कळणार? आणि मुलं हसतील." फोमचे बोळे उंच पट्टीचे आवाज जास्त दाबतात, म्हणून वादकांसाठी मिळणारे गाळणीचे बोळे सुचवले. त्यांनी सगळ्या पट्ट्यांचे आवाज सारखेच हळू होतात, हात स्पष्ट कळतो. फोमचेच वापरायचे तर बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नुसता कापूस पुरत नाही. हसण्याबद्दल मी म्हटलं, पथकप्रमुखांशी तू स्वतः बोल, कारण शेजारी उभ्या असलेल्यांचे कानही तितकेच जाताहेत. ती बोलली, आणि रांगेतल्या आणखी काही जणांनी बोळे घेतले.

रात्रीची शिट्टी शांत खोलीत मोठी वाटते. इअरफोनऐवजी पंखा किंवा अगदी हळू आवाजातली गाणी खोलीत चालू ठेवायला सांगितली. बसमध्ये रहदारीवर मात करायला इअरफोनचा आवाज वाढवायचा नाही, हेही ठरलं.

मिरवणुकीत वडिलांच्या खांद्यावर, भिंतीसारख्या रचलेल्या स्पीकरसमोर बसलेली लहान मुलं दिसतात तेव्हा माझा जीव तुटतो. त्यांना "कान दुखतोय" म्हणताही येत नाही. त्यांच्या मापाचे कानांवर घालायचे मफ मिळतात. नसतील तर मागच्या गल्लीतून दर्शन घ्या.

शिट्टी दोन-तीन दिवसांत थांबली नाही तर चाचणी करून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मात्र मळ असेल म्हणून थांबू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. तिथे उपचाराला उशीर झाला की ऐकू परत येण्याची शक्यता कमी होत जाते.