मास कम्युनिकेशन करून कंपनी चालवता येते का?

तुमचा प्रश्न असा: बी.ए. मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे, घरचे म्हणतात एमबीएशिवाय वरच्या खुर्चीत कुणी बसवत नाही, तर या पदवीवर धंदा किंवा कंपनी सांभाळता येईल का?

येते. मी सांभाळतेय. देवगड तालुक्यात आमचं हापूसचा पल्प काढायचं छोटं युनिट आहे, सीझनला चाळीसेक माणसं. 2012 ला मुंबई विद्यापीठातून बीएमएम, म्हणजे मास मीडियाची पदवी, केलं (आता त्याचंच बीएएमएमसी झालंय), तीन वर्षं जाहिरात कंपनीत काढली आणि बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा गावी आले, ती आलेच.

घरच्यांना मोठी नावंच हवी असतील तर स्टारबक्स जगभर नेणारे हॉवर्ड शुल्ट्झ 1975 चे कम्युनिकेशनचे पदवीधर, आणि डिस्नेचे बॉब आयगर 1973 चे टेलिव्हिजन-रेडिओचे. पण दोन नावांवर आईवडील गप्प बसले असते तर काय हवं होतं!

माझं पहिलं वर्ष सांगते. मे महिन्यात कॅनिंगचा आंबा जोरात येत होता आणि त्यात साका निघायला लागला. साक्याची गंमत अशी की फळ बाहेरून सोन्यासारखं दिसतं, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखं. मी ठरवलं, उद्यापासून प्रत्येक क्रेटमधली चार फळं कापून बघायची, मगच काटा. गेटवर सुरेख बोर्ड लावला. शब्द असे निवडले होते की कुणाचं मन दुखू नये. जाहिरातीतली हौस, दुसरं काय. सकाळी सात टेम्पो उभे आणि बागायतदार माझ्या नावाने शंख करतायत. बोर्ड एकानेही वाचला नव्हता. शेवटी एक टेम्पोवाला म्हणाला, "ताई, बोर्ड कोण वाचता? माका सांगा, मी सगळ्यांका सांगतंय."

तेव्हा वर्गात घोकलेला 'टू-स्टेप फ्लो' आठवला. समाजशास्त्रज्ञ लाझार्सफेल्ड आणि मंडळींनी 1940 च्या अमेरिकी निवडणुकीत मतदारांचा अभ्यास केला होता. त्यात दिसलं की रेडिओ-पेपरातलं थेट सगळ्यांपर्यंत जात नाही. आधी आसपासच्या काही जाणत्या माणसांकडे जातं आणि त्यांच्या तोंडून बाकीच्यांकडे. परीक्षेत मी त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, पण आमच्या वाडीतला तो जाणता माणूस टेम्पो चालवतो हे कुठे कळलं होतं? तो रोज दहा बागांत जातो, कुणाच्या मुलीचं लग्न आहे, कुणाला वाशी मार्केटहून पट्टी (विकलेल्या मालाचा हिशोब) कमी आली, सगळं त्याला ठाऊक. आता दर किंवा नियम बदलला की आदल्या संध्याकाळी टेम्पोवाल्यांना चहाला बोलावते आणि साक्याचं फळ त्यांच्यासमोर कापते. भांडणं होतात, पण भावावरून. फसवलं म्हणून होत नाहीत.

दर उतरल्याचं मात्र मी कुणावर सोपवत नाही. ते स्वतः काट्यावर उभं राहून सांगायचं. नाहीतर पुढच्या वर्षी माल दुसऱ्या गेटवर जातो.

आता पदवीने काय दिलं नाही तेही ऐका. पैसा. आंबा आम्ही दीड महिन्यात जवळपास रोखीने घेतो आणि 850 ग्रॅमचे डबे वर्षभर विकत बसतो. मधल्या काळात बँकेच्या कॅश क्रेडिटचं, म्हणजे धंद्याला लागेल तसं उचलायच्या कर्जाचं, व्याज चालूच. पहिल्या वर्षी विक्री बघून मी खूश होते. सीएंनी कागदावर रेघ मारून दाखवलं की नफा सगळा व्याजात गेलाय. मग दोन वर्षं दर शनिवारी त्यांच्याकडे बसून ताळेबंद वाचायला शिकले. एमबीए केलं असतं तर हे लवकर कळलं असतं, हे घरच्यांचं म्हणणं मला मान्य आहे.

म्हणून लगेच एमबीएची फी भरू नका. परीक्षा झाली की एक सीझन कुठल्याही कॅनिंगवाल्याकडे, काजूवाल्याकडे नाहीतर मासळीच्या कंपनीत काढा. ऑफिसात बसवत असतील तर नको म्हणा, काट्यावरचं काम मागा. आणि संध्याकाळी त्यांच्या अकाउंटंटच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. जूनपर्यंत तुम्हाला कळेल एमबीए हवं आहे की नाही.