जमनालाल बजाजला जायचं म्हणतोयस, तर आधी हे वाच

अरे, तुझा मेसेज वाचला. एमबीएची सीईटी चांगली गेलीये, पर्सेंटाईल काय यायचं ते येईल, पण घरात सगळे म्हणतायत की एखादं चकाचक प्रायव्हेट कॉलेज बघ, आणि तू मला विचारतोयस की ताई, युनिव्हर्सिटीच्या बी-स्कूलमध्ये खरंच काही दम असतो का. तर असतो. पण तो बिल्डिंगमध्ये नसतो, ते आधीच सांगून ठेवते. जमनालाल बजाजला, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटला गेलास तर एकरांवर पसरलेलं कॅम्पस, हिरवळ, स्विमिंग पूल वगैरे शोधू नकोस. चर्चगेटला स्टेशनपासून चालत जाता येईल अशी एक इमारत आहे आणि भोवती अख्खी मुंबई आहे. खरं सांगायचं तर ती मुंबईच तुझं कॅम्पस.

थोडा इतिहास सांगते, कंटाळू नकोस, कारण संस्था कुठून आली ते कळलं की तिथे काय मागायचं तेही कळतं. १९६१ मध्ये केंद्र सरकारने कलकत्ता आणि अहमदाबादला आयआयएम काढल्या, कलकत्त्याला अमेरिकेतल्या एमआयटीची मदत होती आणि अहमदाबादला हार्वर्डची. मुंबई विद्यापीठ मात्र १८५७ चं, आणि त्या विद्यापीठाने १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलच्या सहकार्याने स्वतःची ही मॅनेजमेंट संस्था उभी केली. म्हणजे बघ, आर्ट्स-सायन्स-लॉच्या डिग्र्या देणारं आपलं सार्वजनिक विद्यापीठ त्या काळात म्हणालं की धंदा चालवायचं शिक्षणसुद्धा आम्ही देऊ. मला आजही ही गोष्ट फार मोठी वाटते.

आणि नाव कोणाचं, तर जमनालालजींचं. राजस्थानात सीकरजवळ जन्मलेला, लहानपणी वर्ध्याच्या बच्छराज शेठजींकडे दत्तक आलेला मुलगा. पुढे इंग्रजांनी दिलेली रायबहादूर पदवी त्यांनी परत केली, १९२८ साली वर्ध्याचं घरचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं, गांधीजींना सेवाग्रामसाठी जागा दिली, आणि गांधीजी त्यांना आपला पाचवा मुलगा मानायचे. बिझनेस स्कूलला असं नाव असणं मला महत्त्वाचं वाटतं. तू विदर्भातला आहेस, वर्ध्याला जाऊनही आला असशील, तुला तर हे आणखी जवळचं वाटायला हवं.

संस्था ज्या रस्त्यावर आहे त्याला एच. टी. पारेख मार्ग म्हणतात, १९७७ मध्ये घरकर्ज देणारी एचडीएफसी सुरू करणारे तेच पारेख. हिंदुस्तान लिव्हरचं हेड ऑफिस अंधेरीला हलायच्या आधी वर्षानुवर्षं याच रस्त्यावर होतं. आता हरीश मनवाणी, नितीन परांजपे ही नावं बघ, दोघंही बजाजचे, दोघंही लिव्हरमध्ये ट्रेनी म्हणून लागले आणि पार वरपर्यंत गेले. उदय कोटक १९८२ च्या बॅचचे, तीन वर्षांनी स्वतःची फायनान्स कंपनी काढली आणि २००३ मध्ये तिचीच कोटक महिंद्रा बँक झाली. अजय पिरामल, पूर्वी ब्रिटानियाच्या प्रमुख असलेल्या विनिता बाली, यादी मोठी आहे. लोक सीईओ फॅक्टरी म्हणतात. ते नाव मला फारसं आवडत नाही, कारण त्याने पोरांना वाटतं की आत शिरलं की आपोआप साच्यातून सीईओ बनून बाहेर पडतो. तसं काही होत नाही रे. कंपन्यांची ऑफिसं हाकेच्या अंतरावर होती, तिथली माणसं शिकवायला येऊ शकत होती, पोरं त्यांच्याकडे जाऊ शकत होती, म्हणून हे घडलं.

मी स्वतः तिथे फुल टाइम नाही केलं, नोकरी करत संध्याकाळचा तीन वर्षांचा मार्केटिंगचा कोर्स केला. हे पार्ट टाइम कोर्स लोकांच्या लक्षातच नसतात, मार्केटिंगचा एमएमएम, फायनान्सचा एमएफएम, शिवाय एचआर आणि इन्फर्मेशन मॅनेजमेंटचे, सगळे नोकरदारांसाठी. संध्याकाळी अख्खी गर्दी चर्चगेटकडून घरी निघालेली असायची आणि आम्ही उलट्या दिशेने, त्यामुळे अंधेरीहून बसायला जागा मिळायची आणि गाडीतच वाचन व्हायचं. वर्गात माझ्या शेजारी औषध कंपनीत एरिया मॅनेजर असलेला एक जण बसायचा. एकदा डिस्ट्रिब्यूशनचा विषय चालू होता, सरांनी फळ्यावर चॅनेलची, म्हणजे माल कंपनीकडून दुकानापर्यंत कसा जातो त्याची आकृती काढली, आणि हा म्हणाला सर, कागदावर बरोबर आहे पण महिनाअखेरीला आम्ही स्टॉकिस्टच्या, म्हणजे घाऊक विक्रेत्याच्या गळ्यात माल मारतो, प्रायमरी सेल दिसते जोरात, दुकानातून मात्र तेवढा उठतच नाही, मग काही महिन्यांनी तोच माल एक्सपायरी होऊन परत येतो आणि क्रेडिट नोट द्यावी लागते. सरांनी आकृती बाजूला ठेवली आणि उरलेला तास त्यावरच गेला, कोणाचं टार्गेट, कोणाचा पैसा अडकतो, कंपनीने कुठला आकडा बघायला हवा. प्रायमरी (कंपनीकडून स्टॉकिस्टला) आणि सेकंडरी (स्टॉकिस्टकडून दुकानाला) सेलमधला फरक मला त्या दिवशी जो कळला तो आजही रोज कामाला येतो.

तू फुल टाइम करणार, म्हणजे एमएमएम नाही, एमएमएस करशील, दोन वर्षांचा (मुंबई विद्यापीठात डिग्रीला एमएमएस म्हणतात, बाकी ठिकाणी एमबीए, किंमत तीच). पहिल्या वर्षी सगळं थोडं थोडं, मग मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप, दुसऱ्या वर्षी स्पेशलायझेशन. फायनान्समध्येच खोल जायचं असेल तर तिथे एमएस्सी फायनान्स पण आहे, त्याची ॲडमिशन वेगळी असते, बघून ठेव. संस्था आता स्वायत्त आहे, म्हणजे सिलॅबस आणि परीक्षा त्यांच्या, डिग्री विद्यापीठाचीच. तिथे बाहेरून शिकवायला येणारे कंपन्यांमधले लोक हीच खरी कमाई असते, त्यामुळे लेक्चर संपल्यावर पळू नकोस, लिफ्टपर्यंत सोबत चाल, एक नीट प्रश्न विचार. कमिट्या, प्लेसमेंट, कार्यक्रम यात मुलंच खूप काही ओढतात, तेव्हा अंगावर काम घे.

आता पैशाचं, कारण बाबांना तीच काळजी आहे हे मला माहितीये. जुन्या आयआयएमची फी वीस लाखांच्या वर गेलीये, त्या मानाने इथली खूपच कमी आहे. यंदाचा आकडा संस्थेच्या साईटवरूनच घे, कोणाच्या व्हॉट्सॲपवरून नको. फी कमी म्हणजे कर्ज कमी, आणि कर्ज कमी म्हणजे पहिली नोकरी निवडताना ईएमआय तुझ्या वतीने निर्णय घेणार नाही. मला विचारशील तर पब्लिक युनिव्हर्सिटीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, प्लेसमेंटच्या पॅकेजपेक्षाही. मुंबईत राहण्याचा खर्च मात्र धर, पेइंग गेस्टचं भाडं फीच्या जोडीला बसतं. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा, कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) ॲडमिशन असली की ट्यूशन फीचा अर्धा भार हलका होतो.

आणि कागद! दरवर्षी चांगल्या पर्सेंटाईलची पोरं कागदावरून अडकतात. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेयर (त्यावरची ३१ मार्चची मुदत नीट बघ) आणि जात वैधता. पडताळणी समितीकडे वेळ लागतो, निकालाची वाट बघत बसू नकोस, या आठवड्यातच तहसील ऑफिसला आणि सेतूला चक्कर मार.

कॅपचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीची यादी भरताना एक लक्षात ठेव, पहिल्या नंबरला जे लिहिशील ते मिळालं की सीट तिथेच फ्रीझ होते, म्हणून उगाच कोणी सांगितलं म्हणून पहिलं नाव टाकू नकोस. बजाजचा ओपनचा कटऑफ नव्व्याण्णवच्याही पुढे पॉइंटमध्ये खेळतो, तो लागला नाही तर जग बुडत नाही. चर्चगेटलाच सिडनहॅमची सिमश्री आहे, १९८३ ची, सरकारी. पुणे विद्यापीठाचा मॅनेजमेंट विभाग, ज्याला सगळे पुम्बा म्हणतात, १९७१ पासून आहे आणि तिथे गणेशखिंडचं मोठं झाडांचं कॅम्पसही मिळेल. दोन्ही यादीत हवेतच. बाकीची नावं तू लिही, पण प्रत्येक नावापुढे एक ओळ लिही की हे का, आणि सबमिट करायच्या आधी मला यादी पाठव. रविवारी दुपारनंतर मी मोकळी असते, फोन कर, बाबांनाही लाईनवर घे म्हणजे फीचं त्यांच्याशी मीच बोलते.

तुझी ताई