बांबूउडीचा पोल डब्यात का नेऊ देत नाहीत?

प्रश्न : माझी मुलगी बांबूउडी खेळते. स्पर्धेला निघालो तर टीसीनं तिचा साडेचार मीटरचा पोल स्लीपरमध्ये चढवू दिला नाही. पोलचं वजन जेमतेम दोन-तीन किलो! मग अडचण कसली? — एक आई, सांगली

उत्तर : ताई, वजनाचा मुद्दा सोडा. स्लीपरला माणशी 40 किलो फुकट नेता येतंच. टीसी अडवतो ते मापावर. डब्यातली पेटी 100 बाय 60 बाय 25 सेंटिमीटरची धरलेली आहे. त्याहून मोठं सामान ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात. जानेवारी 2026 मध्ये पनवेलला देव मीणासारख्या राष्ट्रीय विक्रमवीरालाही पोलपायी गाडीतून उतरावं लागलं होतं, तिथं तुमची-आमची काय कथा.

आता कामाचं. मी पार्सल खिडकीवर नोकरी काढली, म्हणून सांगतो : गाडी शक्यतो थेट असावी. मध्ये बदलली की पोल एकीकडे, मुलगी दुसरीकडे. दोन मिनिटं थांबणाऱ्या स्थानकावरून ब्रेकव्हॅनचा नाद नको, मोठ्या स्थानकावरून बुक करा. अर्धा तास आधी ही नियमाची वेळ, तुम्ही दीड तास धरा. पोल जाड पीव्हीसी पाइपात, दोन्ही टोकांना फोम. फायबरग्लासला ओरखडा गेला तर उडीच्या वेळी तो तिथंच मोडू शकतो. वर मोटारसायकली चढतात, तेव्हा भरताना स्वतः उभ्या राहा. हमालाला रागावू नका, चहा पाजा. पावती मुलीकडेच ठेवा.

साडेचार मीटरच्या काठीला पेटीचं माप लावणं मलाही पटत नाही. तसं रेल्वेला लिहा, क्रीडा संघटनेकडूनही लिहून घ्या.