शिकागोत उन्हाळ्यातले बाहेरचे कार्यक्रम तिथल्या लोकांसारखे कसे एन्जॉय करायचे?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये शिकागोच्या उपनगरात, नेपरव्हिलला शिफ्ट होताय, आई-बाबाही तीन महिने राहायला येणारेत, आणि लोलापलूझा या मोठ्या संगीत महोत्सवाची तिकिटं आत्ताच काढून ठेवू का, एअर शोसाठी डाउनटाउनमध्ये हॉटेल घेऊ का. मी आधी बरीच वर्षं शहरात राहिलोय आणि आता तुमच्याच भागात आहे, त्यामुळे स्पष्टच सांगतो, दोन्हीची घाई करू नका. इथली माणसं उन्हाळा त्या दोन-चार मोठ्या दिवसांसाठी राखून ठेवत नाहीत. बुधवारी ऑफिस सुटलं की डबा आणि चादर घेऊन थेट पार्कात, घरी यायला साडेदहा, गुरुवारी परत काम, असा त्यांचा उन्हाळा असतो. इथे एप्रिलमध्येसुद्धा बर्फ पडतो हो! मे अखेरीच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेपर्यंत जे काही मिळतं तेवढंच, आणि जूनमध्ये सूर्य मावळायलाच साडेआठ होतात, मग अशी संध्याकाळ घरात टीव्हीसमोर घालवायची म्हणजे खरंच जिवावर येतं.

सुरुवात मिलेनियम पार्कपासून करा, डाउनटाउनमधल्या ग्रँट पार्कचाच तो एक कोपरा. तिथलं प्रिट्झकर पॅव्हिलियन हे फ्रँक गेहरीने डिझाइन केलेलं ओपन एअर थिएटर, 2004 मध्ये सुरू झालं, पुढे चार हजार खुर्च्या आणि मागे सात हजार माणसं मावतील एवढं लॉन. जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिथे ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हल चालतो, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, पूर्ण ऑर्केस्ट्रा, कधी सोबत मोठा कोरस, आणि सगळं फुकट. फुकट म्हणजे कमी दर्जाचं असं अजिबात समजू नका. हे 1935 पासून चालू आहे, तेव्हा मंदी होती, वादकांच्या युनियनचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनी वादकांना काम मिळावं आणि लोकांना पैसे न मोजता चांगलं ऐकायला मिळावं म्हणून पुढाकार घेतला आणि तेव्हा सुरू झालेली पद्धत आजपर्यंत टिकलीय. सहसा बुधवार-शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला आणि शनिवारी साडेसातला असतं. पुढच्या काही रांगा मेंबर लोकांच्या, बाकीच्या खुर्च्या जो आधी येईल त्याच्या.

पण खुर्चीच्या मागे लागू नका, लॉनवरच बसा. लॉनच्या वरून स्टीलच्या पाइपांची भलीमोठी जाळी गेलीय, दिसायला शोभेची वाटते पण सगळे स्पीकर तिलाच टांगलेत, त्यामुळे लॉनवर मधे एकही खांब नाही, आणि स्टेजपासून स्पीकर जितका लांब तितका त्यातला आवाज किंचित उशिरा सोडतात म्हणजे तो स्टेजवरून येणाऱ्या आवाजाच्या पुढे पळत नाही. अगदी मागे आडवं पडून डोळे मिटलेत तरी व्हायोलिन समोरूनच वाजतायत असं वाटतं आणि कान किटत नाहीत. आई-बाबांना सिम्फनी कळेल का अशी शंका असेल तर ती काढून टाका, शेजारची निम्मी जनता पण काही अभ्यास करून आलेली नसते. लहान मुलं लोळत असतात, कुणी चीज कापतंय, कुणी झोपलंय, आणि शांत भाग आला की सगळे आपोआप गप्प होतात. मला या शहराबद्दल सगळ्यात जास्त प्रेम वाटतं ते यासाठी.

आणि एक गोष्ट पर्यटकांना सहसा माहीत नसते, ती म्हणजे तालीम. त्याच स्टेजवर ऑर्केस्ट्रा कामाच्या दिवशी दिवसाउजेडी रिहर्सल करतो आणि तीही सगळ्यांना खुली असते. आसपासच्या ऑफिसातली माणसं सँडविच घेऊन येऊन बसतात. कंडक्टर मधेच थांबवतो, चार ओळी परत वाजवून घेतो, ट्रम्पेटवाल्यांना काहीतरी सांगतो, परत सुरू. तुमच्या बाबांना आपल्याकडच्या गाण्याची आवड असेल तर त्यांना कार्यक्रमापेक्षा हेच जास्त आवडेल बघा. त्याच दिवशी शेजारच्या आर्ट इन्स्टिट्यूटलाही घेऊन जा, 1893 मध्ये स्वामी विवेकानंदांचं भाषण झालं ती हीच इमारत, समोरच्या मिशिगन अव्हेन्यूच्या तुकड्याला त्यांचं नावही दिलंय.

अजून एक, हे सगळं मिशिगन तळ्याकाठी इतकं मोकळं कसं राहिलं त्यालाही कारण आहे. 1836 च्या नकाशावरच या पट्ट्यावर लिहून ठेवलं होतं की ही जागा लोकांची आहे, ती कायम मोकळी राहील, इथे इमारत नको, आणि पुढे मॉन्टगोमेरी वॉर्ड नावाच्या व्यापाऱ्याने त्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टात केस लढवल्या. त्यामुळे एवढं उंच पॅव्हिलियन नियमात बसवायला त्याला कागदोपत्री इमारत न म्हणता कलाकृती म्हणावं लागलं!

काय न्यायचं? सतरंजी, आणि तिच्याखाली प्लास्टिक, कारण संध्याकाळी गवत ओलसर होतं आणि अर्ध्या तासात कपडे दमट. तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं, कोथिंबीर वडी, असं हाताने खाता येईल ते न्या. भेळ न्यायची तर कुरमुरे वेगळे, चटण्या घट्ट झाकणाच्या डब्यात आणि कांदा तिथेच कालवायचा. वाऱ्याने कागदी प्लेट उडतात म्हणून स्टीलच्या ताटल्या बऱ्या. गेटवर बॅग उघडून बघतात, तेवढा वेळ धरा. जुलै असला तरी आई-बाबांचे स्वेटर घ्याच घ्या. तळ्यावरून वारा सुटला की काठावर एकदम गार होतं, इथल्या हवामानाच्या बातम्यांमध्ये 'तळ्याजवळ थोडं गार' हे वाक्य रोजचंच आहे, नेपरव्हिलला घामाने निथळत असताना तिथे माणसं जॅकेट घालून बसलेली दिसतील. विजा चमकल्या तर मात्र हट्ट करायचा नाही, लगेच उठायचं. 2012 मध्ये लोलापलूझा सुरू असताना वादळामुळे अख्खं ग्रँट पार्क रिकामं केलं होतं, तेव्हा जमिनीखालच्या पार्किंग गॅरेजमध्येच आसऱ्याची सोय ठेवली होती. पार्कात शिरताना खाली जायचा जिना कुठेय ते एकदा बघून ठेवा.

गाडी नेऊ नका. नेपरव्हिलहून मेट्राने, म्हणजे इथल्या उपनगरी ट्रेनने, युनियन स्टेशन, तिथून वीसेक मिनिटं चालत पार्क. परतीची ट्रेन चुकली तर पुढची बऱ्याच वेळाने असते, म्हणून घरून निघतानाच वेळ बघा.

वीकेंडला वस्त्यांमधले स्ट्रीट फेस्ट. उन्हाळाभर कुठल्या ना कुठल्या भागात रस्ता बंद करून बँड, खाणं, हस्तकलेचे स्टॉल असतात. गेटवर दहा-पंधरा डॉलर 'सुचवलेली देणगी' असा बोर्ड असतो. रस्ता सार्वजनिक असल्यामुळे ती सक्तीची नसते, तुम्ही नुसते आत गेलात तरी कुणी अडवणार नाही. पण मनापासून सांगतो, द्या. बँडचे पैसे, सिक्युरिटी, साफसफाई सगळं त्यातूनच निघतं, आणि लोक द्यायचे बंद झाले तर हे फेस्ट बंद पडतील.

नाचायची हौस असेल तर ग्रँट पार्कमधला समरडान्स बघा, आधी शिकवतात मग लाइव्ह बँडवर सगळे नाचतात, सत्तरीची जोडपीसुद्धा असतात त्यामुळे आईला संकोच वाटणार नाही.

रॅव्हिनिया एकदा तरी कराच. उत्तरेला हायलँड पार्कमध्ये, 1904 पासूनची जागा, तिकीट लागतं पण लॉनचं स्वस्त असतं. तिथे लोक बुटकी टेबलं, टेबलक्लॉथ, मेणबत्त्या असा अख्खा संसार घेऊन येतात. लॉनवरून स्टेज जवळपास दिसतच नाही हे आधीच सांगतो, तिथे झाडांखाली बसून ऐकायचं आणि जेवायचं. मेट्राची युनियन पॅसिफिक नॉर्थ लाइन थेट गेटसमोर थांबते.

आता एअर शो. ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारी नॉर्थ अव्हेन्यू बीचवर असतो आणि तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. पण आदल्या शुक्रवारी दिवसा रंगीत तालीम असते, विमानं तीच, कसरती बहुतेक त्याच, गर्दी कितीतरी कमी. रजा टाका, सकाळीच जा, टोप्या आणि कानात घालायला कापूस घ्या. हॉटेलचे पैसे वाचतील ते रॅव्हिनियाच्या तिकिटांना वापरा. लोलापलूझाला तुमचे आवडते बँड असतील तर एका दिवसाचं तिकीट घेऊन तुम्ही एकटे जा, आई-बाबांना त्या गर्दीत आणि उन्हात दिवसभर उभं करू नका. आणि त्यांची फ्लाइट जूनच्या मध्याच्या आत येत असेल तर जेट लॅग गेल्यावर फेस्टिव्हलच्या पहिल्याच बुधवारी त्यांना पार्कात न्या.